‘हो’ कोण म्हणालं?

नांदेडला वजिराबादेत एका गाड्यावर चहा घेतला, मोबाइल काढून दहा रुपये पाठवले आणि हिरवी खूण दिसताच स्क्रीन चहावाल्यापुढे धरली. त्याने मान वर केली नाही. आलं खिसता खिसता म्हणाला, "थांबा सर, डबा बोलू द्या." दोन-तीन सेकंदांनी बिस्किटांच्या बरण्यांमागून डबा बोलला, दहा रुपये मिळाले म्हणून. मग कुठे त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.

मला जरा लागलंच. माझ्या तोंडावर काय चोर लिहिलंय? दुसऱ्या कपाला त्यानेच खुलासा केला. कॉलेजच्या पोरांनी खोट्या ॲपवरची हिरवी खूण दाखवून त्याच्याकडे चार-पाच वेळा फुकटात पोहे हाणले होते. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या मोबाइलकडे बघायचंच नाही, असा त्याचा नेम.

त्याने नकळत जे ओळखलं होतं, त्यावर जगभरची विद्यापीठं गेली पन्नास वर्षं डोकं खपवताहेत. माझ्या मोबाइलची स्क्रीन माझ्या ताब्यात आहे, मी तिच्यावर वाटेल ते दाखवू शकतो. डब्यात वेगळं सिमकार्ड आहे, तो थेट पेमेंट कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि त्या वाटेवर माझा हात पोचत नाही. निरोप तोच, पण आणणारा कोण आणि कुठल्या वाटेने आला, यावर त्याची किंमत ठरते. नेटवर्क आणि विखुरलेल्या संगणक-व्यवस्थांची सुरक्षा हा विषय इथून सुरू होतो.

‘विखुरलेली’ म्हणजे काय, ते त्याच दहा रुपयांत बघता येतं. माझं ॲप एका कंपनीचं, त्याला जोडलेली बँक दुसरी. मधे राष्ट्रीय पेमेंट महामंडळ, म्हणजे एनपीसीआयचा स्विच. माझं खातं एका लहान सहकारी बँकेत, पण तिची खतावणी आता शाखेतल्या कपाटात नसते, कुठल्या तरी तंत्रज्ञान कंपनीच्या सर्व्हरवर असते. चहावाल्याची बँक निराळी, डब्याची कंपनी आणखी निराळी. या यंत्रांपैकी कुणीही कुणाला पाहिलेलं नाही. त्यांच्यात फक्त निरोप जातात: शिल्लक आहे का, आहे, वळते करू का, हो. सगळा व्यवहार या ‘हो’वर उभा. आणि तो ‘हो’ खरोखर ज्याने म्हणायचा त्यानेच म्हटला का, हा एकच प्रश्न संशोधकांना छळत आलाय.

लातूरच्या जुन्या पेढ्यांना हा प्रश्न नवा वाटला नसता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि निजामाच्या राज्यातलं हे गाव भुसार मालाची मोठी पेठ झालं. रोकड घेऊन दूरचा प्रवास करणं धोक्याचं, म्हणून हिंदुस्थानभरच्या पेठांत व्यवहार चालायचा हुंडीवर. हुंडी हा कागद बघण्यासारखा असे. रक्कम आकड्यात असे, अक्षरात असे, आणि वर आणखी लिहिलेलं असे की अमुक रुपये, ज्याचे निमे अमुक, त्याची दुप्पट. पाचशेला मागे एक शून्य चिकटवून पाच हजार करणाऱ्याला निम्म्याचे अडीचशेही बदलावे लागत आणि शब्दही. आजचे संगणक निरोपासोबत पडताळ्याचा आकडा जोडतात तो याच हिशेबाने, फक्त त्यांचं गणित इतकं किचकट असतं की खाडाखोड करून जुळवताच येत नाही. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त पेठेत पत असलेल्या ‘शहा’च्या हातूनच मिळत, रस्त्यावरच्या कुणीही आणून दाखवली तर पेढी दार उघडत नसे. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे ‘पेठ’, तीही हरवली तर तिसरी, ‘परपेठ’. आणि हुंडी लिहिणारा पैसे देणाऱ्या पेढीला वेगळी चिठ्ठी धाडून कळवत असे, की अमक्या रकमेची हुंडी येते आहे. ही दुसरी वाट. चहावाल्याचा डबा तो हाच!

लातूरलाच आहोत, तर गंजगोलाईत जरा उभं राहू. मधे गोल इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कापड, सराफा, भुसार, भांडी, ज्याचा त्याचा रस्ता. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायचं तर गोलाईवरून जावं लागतं. भारतातली यूपीआयची व्यवस्था साधारण अशीच आहे, मधली गोलाई म्हणजे एनपीसीआय. सोय मोठी. पण एखाद्या रस्त्यावर आग लागली तर?

३१ जुलै २०२४ ला तसंच झालं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएसची संयुक्त कंपनी. लहान सहकारी बँका आणि ग्रामीण बँकांना ती संगणक-व्यवस्था पुरवते. तिच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर, म्हणजे रॅन्समवेअर शिरल्याचं कळलं आणि एनपीसीआयने तो एक रस्ता गोलाईपासून तोडला. देशभरातल्या जवळपास ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम ठप्प झालं. दुसऱ्या दिवशी तपासणी करून रस्ता पुन्हा जोडला गेला. माझ्या मते एनपीसीआयने केलं ते बरोबर केलं, गंजीला आग लागली की शेजारची गंजी आधी बाजूला ओढतात. पण ज्या माणसाचे औषधाचे पैसे अडकले, त्याने सी-एज हे नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं. शाखेतूनही त्याला एवढंच सांगितलं गेलं असणार, "लिंक नाही." मराठवाड्यात बँकेशी संबंध आलेल्या प्रत्येकाला हे दोन शब्द पाठ आहेत.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ साली एका ईमेलमध्ये गमतीने याचीच व्याख्या केली होती: जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हाला माहीत नसतं, तो बंद पडल्यामुळे तुमचा संगणक निकामी होतो, त्या प्रकाराला विखुरलेली व्यवस्था म्हणायचं. थट्टा होती, पण इतकी नेमकी की अजून वर्गात सांगितली जाते.

या लॅम्पोर्टांनीच रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस यांच्यासोबत १९८२ मध्ये एक कोडं मांडलं, ‘बायझंटाइन सेनापतीं’चं. ते आपण आडतीवर आणू. तीन आडत्यांनी ठरवायचंय, उद्या सौदा काढायचा की बंद ठेवायचा, आणि ठरवायचं फक्त निरोपांवर. पहिला दुसऱ्याला कळवतो, "बंद." तिसरा दुसऱ्याला कळवतो, "मला तर पहिल्याने ‘काढायचा’ म्हणून सांगितलं." आता दुसऱ्याने लबाड कुणाला मानायचं? पहिलाच दोघांना दोन गोष्टी सांगत असेल, किंवा तिसरा पदरचं घालत असेल. दुसऱ्याच्या गादीवर बसून दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. तिघांत एक लबाड असला तर नुसत्या तोंडी निरोपांवर एकमत होण्याची खात्रीच देता येत नाही, निदान चौघं लागतात, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. मात्र कुणाला नक्कल न करता येणारी सही निरोपावर असेल, तर तिघांतही भागतं. कारण मग तिसऱ्याला म्हणता येतं, पहिल्याची सही दाखव.

सही आली म्हणजे सगळं मिटलं, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं. ते किती चुकीचं होतं याची गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

१९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी दोन अनोळखी संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी याची एक रीत लिहिली. तीन निरोपांची. समजा, लातूरच्या आडत्याला नांदेडच्या व्यापाऱ्याशी बोलायचंय. आडत्या एक गुपित आकडा आणि आपलं नाव अशा पेटीत घालून पाठवतो, जी फक्त नांदेडवाल्यालाच उघडता येते. नांदेडवाला तो आकडा आणि आपला एक नवा आकडा, दोन्ही आडत्याच्या पेटीत घालून परत पाठवतो. आडत्या नांदेडचा आकडा परत करतो. दोघांनाही पटलं: पेटी उघडता आली त्या अर्थी समोर तोच आहे. लोकांनी ही रीत वाचली, तपासली, तिच्यावर पुढची कामं केली.

सतरा वर्षांनी, १९९५ मध्ये, गॅव्हिन लो या ब्रिटिश संशोधकाने तिच्यात भोक दाखवलं. समजा, आडत्याने बोलणं सुरू केलं ते मधल्या एका दलालाशी, आपण होऊन, काही संशय न घेता. दलाल लबाड. तो आडत्याची पेटी उघडतो, आतला आकडा नि आडत्याचंच नाव नांदेडवाल्याच्या पेटीत घालून पुढे पाठवतो. नांदेडवाल्याला वाटतं, लातूरचा आडत्या बोलतोय. तो आडत्यालाच उघडता येईल अशा पेटीत दोन आकडे घालून देतो. दलालाला ती उघडता येत नाही, पण उघडायची गरजही नाही! तो ती तशीच आडत्याकडे सरकवतो. आडत्याला वाटतं, दलालाचं उत्तर आलं. तो पेटी उघडतो आणि नांदेडचा आकडा बिनदिक्कत दलालाला देतो. दलाल तो नांदेडला पोचवतो. झालं. एकही कुलूप न फोडता दलाल नांदेडात लातूरचा आडत्या होऊन बसला.

लोचा उपाय एका शब्दाचा होता. मधल्या पेटीत नांदेडवाल्याने आपलं नावही घालायचं. मग आडत्या पेटी उघडून बघेल आणि म्हणेल, मी तर दलालाशी बोलत होतो, यात नांदेडवाल्याचं नाव कसं? आणि तिथेच थांबेल.

आपल्याकडे रोज घडणारी ओटीपीची फसवणूक मला तंतोतंत अशी वाटते. "काका, बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होतंय, एक नंबर आला असेल तो सांगा." तो नंबर बँकेने खरोखरच पाठवलेला असतो. फोनवरच्या माणसाने काही फोडलेलं नसतं, तो फक्त मधे बसून पेट्या इकडून तिकडे सरकवतो. म्हणून तर ओटीपीच्या मेसेजमध्ये आता ‘इतके रुपये, अमक्या दुकानाला’ असं लिहून येतं. ते नाव लोने सुचवलेलंच नाव आहे. आपण ते वाचत नाही, घाईघाईने सहा आकडे तेवढे वाचतो, हा भाग वेगळा.

आता पुण्याची गोष्ट. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कॉसमॉस सहकारी बँकेच्या खोट्या कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघायला लागले. दोन तास तेरा मिनिटांत सुमारे १५ हजार व्यवहार. परदेशात ७८ कोटी, भारतात अडीच कोटी. भारतातले काही आपल्या कोल्हापुरातून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोप-व्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? एटीएम आणि बँकेची खतावणी यांच्या मधे एक स्विच असतो. तो पोस्टमन. एटीएम विचारतं, या खात्यात पैसे आहेत का. पोस्टमन आत जातो, खतावणीला विचारतो, उत्तर घेऊन येतो. चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये घुसून स्वतःचा एक जोडस्विच उभा केला. खोट्या कार्डावरची विचारणा आली की हा बनावट पोस्टमन आत जातच नसे, दारातूनच सांगे, "हो, आहेत, द्या." खात्यात पैसे आहेत का हा प्रश्न खात्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून ग्राहकांच्या शिलकीतून रुपया कमी झाला नाही; फटका बसला तो बँकेला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली.

आणि नांदेड. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआय बँकेतल्या खात्यातून १४ कोटी ४६ लाखांच्या आसपास रक्कम आरटीजीएस-एनईएफटीने बाहेरच्या अनेक खात्यांत गेली. वर्तमानपत्रांत मथळा आला आणि गावात पहिला प्रश्न हाच, की एका बँकेचं खातं दुसऱ्या बँकेत कशाला? प्रश्न बरोबर आहे. लहान बँका बहुधा रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या पेमेंट व्यवस्थेत स्वतः बसलेल्या नसतात. त्या मोठ्या बँकेत खातं ठेवतात आणि तिच्या दारातून आपल्या ग्राहकांचे पैसे पाठवतात. गावातला लहान व्यापारी मोठ्या आडत्याच्या काट्यावर माल घालतो, तसं. म्हणजे गोलाईला जोडलेला रस्ता, त्या रस्त्याला जोडलेली गल्ली. गल्लीतून निरोप आला की मोठ्या बँकेच्या यंत्राला एवढंच दिसतं, की निरोप योग्य नावाने, योग्य वाटेने आला. त्यामागे बोट कुणाचं होतं, हे यंत्राला दिसत नाही. सुरक्षेचे सगळे अवघड प्रश्न अशा सांध्यांवर असतात, जिथे एकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते.

केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी १९९३ मध्ये एटीएमच्या फसवणुकींवर एक निबंध लिहिला होता. गुप्तलेखनाचे लोक तेव्हा चोर आपलं गणित कसं फोडेल याच्या चिंतेत असायचे. अँडरसन यांनी खरीखुरी प्रकरणं गोळा केली आणि दाखवलं, की गणित जवळजवळ कुणी फोडलंच नव्हतं. पैसे गेले होते आतल्या माणसांमुळे, ढिसाळ व्यवस्थापनामुळे, चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या यंत्रांमुळे. आपल्याकडे अजूनही बँका जाहिरातीत मोठमोठ्या आकड्यांची कुलपं मिरवतात, त्या प्रत्येक संचालक मंडळाला हा निबंध वाचायला द्यावा असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट बोलायची राहते ती ताळ्याची. जुना रोखपाल संध्याकाळी रोजमेळ जमल्याशिवाय घरी जात नसे. चार आण्यांचा फरक निघाला तरी रात्री नऊपर्यंत बसायचा, घरून डबा यायचा. व्यवहार बंद आणि ताळा सुरू, अशी दिवसाची दोन टोकं होती. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झालं, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही. नांदेडचा प्रकार घडला तो त्यानंतर तीन-एक आठवड्यांनी. त्या सोयीमुळे चोरी झाली असं मी म्हणत नाही. सोय चांगलीच आहे, रविवारी रात्री दवाखान्याचे पैसे भरता येतात. पण ज्या यंत्राला संध्याकाळ होतच नाही, त्याचा ताळा संध्याकाळी घालून काय उपयोग? कॉसमॉसचे ८० कोटी सव्वादोन तासांत गेले. ताळा आता व्यवहाराच्या पावलाला पाऊल लावून चालायला हवा, आणि एका खात्यातून अचानक अनोळखी खात्यांकडे रांग लागली तर त्याने माणसाला झोपेतून उठवायला हवं. मोठ्या बँकांना हे परवडतं. तीन-चार शाखांच्या नागरी बँकेत मात्र कॉम्प्युटर बघणारा पोरगाच कर्जाच्या फायलीही बघतो.

रिझर्व्ह बँकेला हे कळतं. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिने नागरी सहकारी बँकांच्या चार पायऱ्या केल्या; जी बँक जितकी जास्त बाहेरच्या व्यवस्थांना जोडलेली, तिला तितके कडक नियम. त्यानंतरच्या दोन सुधारणा मला लोच्या त्या एका शब्दाची आठवण करून देतात. आरटीजीएस-एनईएफटीत पैसे जायचे ते खाते क्रमांकावर; समोरचं नाव आपण लिहायचो, पण ते जुळतं का हे कुणी बघत नसे. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं खरं नाव दाखवण्याची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. दुसरी सुधारणा वेबसाइटच्या पत्त्याची. बँकेच्या नावासारखं नाव घेऊन बनावट वेबसाइट काढणं सोपं होतं. आता बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता दिलाय, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. तो पत्ता देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवला. शहाजोग हुंडीच म्हणा की!

यूपीआयची चिकित्साही झालेली आहे. मिशिगन विद्यापीठातल्या रेणुका कुमार, अतुल प्रकाश आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडची सात पेमेंट ॲप उलगडून बघितली आणि यूपीआयच्या पहिल्या आवृत्तीत मोबाइल आणि खातं एकमेकांना बांधण्याच्या पायरीतच फटी असल्याचं २०२० मध्ये जाहीर केलं. हे काम अमेरिकेतून व्हावं आणि नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजातून होऊ नये, याला काही कारण नाही. ज्यांवर हे व्यवहार चालतात ते मोबाइल तर आपल्याच पोरांच्या हातात आहेत. या विषयाची एक मोठी परिषद, एनडीएसएस, दर वर्षी साधारण फेब्रुवारीत अमेरिकेत सॅन दिएगोला भरते. १९९३ पासून चालू आहे, आणि तिथले निबंध कुणालाही फुकट वाचता येतात. आपल्या परीक्षेत मात्र ‘फायरवॉल म्हणजे काय, प्रकार लिहा’ हा पाच मार्कांचा प्रश्न अजून सुखाने नांदतोय.

परवा पुन्हा त्याच गाड्यावर गेलो. पाऊस होऊन गेला होता, रेंज येत-जात होती. पैसे पाठवले, माझ्याकडे हिरवी खूण आली, डबा गप्प. मिनिट गेलं. मागे दोघं खोळंबलेले. चहावाल्याने हात पुसले आणि पहिल्यांदाच म्हणाला, "सर, दाखवा बरं मोबाइल." मी स्क्रीन पुढे केली. त्याने हिरव्या खुणेवर बोट ठेवलं, ते खाली सरकवलं आणि तिथली इंग्रजी अक्षरं एकेक करून जोडत वाचली. त्याच्या बायकोचं नाव होतं. खातं तिच्या नावावर आहे. मग खिशातून आखूड पेन्सिल काढून बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘दहा, चष्मेवाले सर, डबा बोलायचा राहिला.’